पुढे रस्ता नाही

खानदेशाचा नकाशा पुढ्यात घ्या. त्यावरच्या जाड रेघा बहुतेक आडव्या दिसतील. तापी पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते आणि इथे जे काही मोठे बांधले गेले ते तिच्या कलाने. सुरत-धुळे-जळगाव-भुसावळ-नागपूर हा राष्ट्रीय महामार्ग ५३, म्हणजे जुना ६ क्रमांकाचा, आडवा. अमळनेरवरून सुरतेला जाणारी, १९०० च्या सुमारास सुरू झालेली रेल्वे आडवी. तापीच्या पलीकडचा बऱ्हाणपूर-रावेर-यावल-चोपडा-शिरपूर-अंकलेश्वर रस्ताही आडवाच. उभ्या जाड रेघा मोजक्या: धुळ्याहून शिरपूरमार्गे बिजासन घाट चढणारा मुंबई-आग्रा महामार्ग, चाळीसगावहून कन्नडला जाणारा, जळगावहून अजिंठ्याकडे जाणारा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, पश्चिमेला सह्याद्रीची टोके. डोंगरांच्या मधल्या या लांबट खोऱ्यातून बाहेर पडायच्या वाटा कमी, आणि त्या थोड्या वाटांवरच सगळ्या ट्रकांची गर्दी.

आडव्या रस्त्यांना थोड्या थोड्या अंतरावर फाटे फुटतात. ते डोंगराकडे निघतात, चार-पाच गावे घेतात, पायथ्याशी पोचतात आणि संपतात. अशा फाट्यावर सायकल वळवली की टपरीवरचा कोणीतरी हमखास हाक मारतो, "भाऊ, पुढे रस्ता नही शे." तो भल्यासाठीच सांगत असतो. मोटारवाल्याने त्याचे ऐकावे. सायकलवाल्याने त्याच टपरीवर चहा घ्यावा, बाटली भरावी आणि सरळ पुढे जावे. कारण रस्त्यावरची बहुतेक वाहतूक त्या रस्त्यावरच्या गावांची नसतेच. ती त्या गावांना ओलांडून कुठेतरी पोचायच्या घाईत असते. ओलांडायची सोय नसली की उरतात गावचे ट्रॅक्टर, दुधाच्या मोटारसायकली आणि दिवसातून दोन-तीनदा येणारी एसटी.

डोंगर आला की शांतता आली, हा शहरातल्या माणसाचा समज आहे आणि तो सायकलवाल्याला महागात पडतो. बिजासन घाटात डोंगर भरपूर आहे, शांतता औषधालाही नाही. शांतता डोंगराने अडवलेल्या रस्त्यावर मिळते, डोंगर पार करणाऱ्या रस्त्यावर नव्हे. खानदेशात सायकल चालवायची तर एवढे एक कळले तरी पुष्कळ झाले. बाकीचे प्रकरण त्याच्याच तपशिलाचे आहे.

असा रस्ता ओळखायचा कसा? त्याची किल्ली सरकारनेच देऊन ठेवली आहे. डिसेंबर १९४३ मध्ये देशातल्या प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी रस्त्यांची उतरंड ठरवली: राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. नागपूर योजना म्हणून ओळखली जाणारी ही विभागणी थोड्याफार फरकाने आजही चालू आहे. बांधकाम खात्याच्या फलकांवर प्रजिमा, इजिमा, ग्रामा अशी अक्षरे आणि पुढे क्रमांक असतो तो तिचाच. आपल्याला हवेत इजिमा आणि ग्रामा. मैलाच्या दगडाचा माथाही तेच सांगतो. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग. दोन्ही सोडून द्या. नारिंगी दिसला की समजावे, प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता आहे. २००० साली सुरू झालेल्या या योजनेने वाड्यावस्त्यांपर्यंत डांबर नेले, आणि तसे करताना आपल्यासारख्या रिकामटेकड्यांचीही सोय झाली.

त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे रुंदी. या योजनेत डांबरी पट्टा साधारण ३.७५ मीटर रुंद धरतात. पण जिथे दिवसाला १०० पेक्षा कमी मोटारवाहने जातील आणि पुढेही वाढण्याची शक्यता नाही, तिथे तो ३ मीटरच ठेवायची मुभा आहे. म्हणजे तीन मीटरचा पट्टा दिसला की एका अभियंत्याने कागदावर लिहून दिलेले आहे, इथे दिवसभरात शंभर गाड्याही यायच्या नाहीत. दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले तर एकाला मुरुमावर उतरावे लागते. सायकलला काहीच करावे लागत नाही.

अर्थात कागद आणि रस्ता यांच्यात अंतर असतेच. गिरणेच्या काठचे कित्येक रस्ते नकाशात अगदी निरुपद्रवी दिसतात आणि प्रत्यक्षात वाळूचे डंपर त्यांच्यावरून सुसाट जातात, तेही पहाटे आणि रात्री, म्हणजे नेमके सायकलवाल्याच्या वेळेला. पायथ्याशी खडी क्रशर असेल तर तोच प्रकार. रस्त्याच्या कडा कुरतडल्यासारख्या तुटलेल्या आणि वळणावर रेती सांडलेली दिसली तर परत फिरावे. वारही पाहावा लागतो. आठवडे बाजाराच्या दिवशी सगळा रस्ता बाजाराच्या गावाकडे वाहत असतो. यावल तालुक्यात आडगावजवळच्या मनुदेवीचा रस्ता एरवी निवांत, नवरात्रात मुंगी शिरायला जागा नाही. धुळ्याजवळच्या लळिंग कुरणात लांडोर बंगला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ मध्ये तिथे मुक्कामाला होते. त्या मुक्कामाच्या आठवणीसाठी ३१ जुलैला तिथे लोक लोटतात; त्या दिवशी जायचे तर त्यांच्यातलेच एक होऊन जावे, व्यायामाला नव्हे.

सगळ्यांत चांगली वेळ मुक्कामी एसटी गेल्यानंतरची. रात्री शेवटच्या गावात थांबलेली गाडी उजाडता उजाडता तालुक्याकडे निघते आणि बाजारहाटीची, कोर्टकचेरीची, कॉलेजची माणसे घेऊन जाते. त्यानंतर शाळा भरेपर्यंत रस्ता तुमचा. गाडी तालुक्याकडे, तुम्ही डोंगराकडे.

उत्तरेपासून सुरुवात करू. सावदा-फैजपूरच्या पट्ट्यातून खिरोद्याकडे वळले की दोन्ही बाजूंना केळी लागतात, आणि त्या इतक्या दाट असतात की सकाळी दहा वाजताही त्यांच्यामधला रस्ता गार असतो. इथे केळी का, हे सायकलवर चांगले समजते, कारण जमिनीचा उतार पायांना कळतो. सातपुड्यातून उतरणाऱ्या सुकी, मोर यांसारख्या नद्या पायथ्याशी आल्या की गोटे-वाळूच्या जाड थरात मुरतात. वर खळाळणारी नदी खाली कोरडी, पण तेच पाणी जमिनीखालून पुढे सरकते आणि रावेर-यावल-चोपड्याच्या विहिरी भरते. आता उपसा इतका झाला आहे की विहिरींच्या जागी खोल बोअर आल्या, ही गोष्ट वेगळी. रस्ता या कोरड्या पात्रांना फरशीवरून ओलांडतो. हिवाळ्यात फरशी म्हणजे एक छोटा उतार आणि छोटा चढ. पावसाळ्यात डोंगरात सर आली की अर्ध्या तासात तिच्यावरून लोंढा जातो. घोट्याच्या वर पाणी असेल तर थांबायचे, वाद नाही.

खिरोद्यापुढे केळी संपतात, कापूस-तूर येते, मग साग. इथून पालपर्यंत खऱ्या अर्थाने चढ-उतार. पाल हे रावेर तालुक्यातले, सातपुड्याच्या कुशीतले गाव, यावल अभयारण्याच्या शेजारचे. हे अभयारण्य १९६९ मध्ये जाहीर झाले. जळगावकर पालला थंड हवेचे ठिकाण म्हणतात. महाबळेश्वर पाहिलेल्याने हसू नये, कारण जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो तेव्हा चार अंशांचा फरकही थंड हवाच असतो.

चढाचा हिशोब इथेच करून टाकू, कारण त्याचे उत्तर रस्त्याकडेलाच लागलेले आहे. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरू. ३०० मीटर उंची चढायला सुमारे २५० किलोज्यूल काम करावे लागते. स्नायू मात्र अन्नातल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच पायडलपर्यंत पोचवतात, बाकीची उष्णता होऊन अंगातून बाहेर पडते. म्हणजे खाण्यातून हवेत हजारभर किलोज्यूल, म्हणजे २४० किलोकॅलरी. मध्यम आकाराच्या केळ्यात १०० च्या आसपास असतात. तीनशे मीटरचा चढ म्हणजे अडीच केळी! परदेशी पाकिटातली ऊर्जावर्धक जेली घेऊन रावेर तालुक्यात सायकल चालवणाऱ्याला काय म्हणावे, हे मी वाचकांवर सोडतो.

चढ किती तीव्र असेल, याचाही एक नियम आहे आणि तो थोडा उफराटा आहे. मोठ्या रस्त्याचा घाट भरलेल्या ट्रकसाठी आखलेला असतो. डोंगरी भागात वीस मीटरला एक मीटर, म्हणजे पाच टक्के, हा भारतीय रस्त्यांचा नेहमीचा आदर्श उतार. पाच टक्क्यांवर ताशी आठ किलोमीटरने चढायला शंभर वॉटच्या आसपास शक्ती पुरते, आणि तेवढी कोणताही धडधाकट माणूस तासभर देऊ शकतो. वस्तीवरचा रस्ता मात्र बैलगाडीच्या जुन्या वाटेवरच डांबर टाकून झालेला असतो. बैलगाडीवाल्याने नाल्यात सरळ उतरून सरळ वर चढायचे ठरवले होते, म्हणून तिथे शंभर-दीडशे मीटर दहा टक्क्यांचा चढ अचानक समोर येतो. तेव्हा पर्याय असे: सौम्य चढ आणि ट्रक, किंवा खडा चढ आणि कोणी नाही. उतरून ढकलायची लाज वाटत नसेल तर दुसरा पर्याय केव्हाही बरा.

गिअरचे महत्त्वही इथेच. साध्या, बिनगिअरच्या सायकलचे पायडल एकदा पूर्ण फिरले की सायकल पाच-साडेपाच मीटर पुढे जाते. पुढे २८ दातांची आणि मागे ३४ दातांची चकती असलेली सायकल पावणेदोन मीटरच जाते, म्हणून पायावरचा जोर तिसऱ्या हिश्शावर येतो. खानदेशातल्या जुन्या पिढीने मात्र साध्या सायकलवर दुधाचे कॅन लावून हे चढ काढले आहेत, हेही खरे.

आता दक्षिण. चाळीसगावहून पाटणादेवीचा रस्ता म्हणजे या प्रकरणाचा नमुना. गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या पोटात तो शिरतो आणि तीन बाजूंनी कडे आले की मोटारीचा रस्ता थांबतो. पितळखोऱ्याची लेणी वरच्या अंगाला आहेत, पण गाडीने तिथे जायचे तर घाट चढून कन्नडच्या बाजूने मोठा वळसा. म्हणून इथे येतो तो देवीसाठी किंवा जंगलासाठीच. इथल्या देवळात भाऊ दाजी लाड यांना एकोणिसाव्या शतकात एक शिलालेख मिळाला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला आणि त्याला १२०७ मध्ये दान मिळाले, अशी त्यात नोंद आहे. सायकलवाल्याने या भास्कराचार्यांना एक नमस्कार जास्त करावा. 'सिद्धांतशिरोमणी'त त्यांनी पोकळ आऱ्यांत पारा भरलेल्या, आपोआप फिरत राहणाऱ्या चाकाचे वर्णन केले आहे. असे चाक फिरत राहणार नाही, हे आपल्याला भौतिकशास्त्राने पुढे कितीतरी शतकांनी शिकवले. पाटणादेवीच्या शेवटच्या चढावर गुडघे तेच अधिक लवकर शिकवतात.

इथून जवळच कन्नड घाट आहे, त्याला औट्रम घाटही म्हणतात. १८२५ मध्ये धरणगावी भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचे ते नाव. राष्ट्रीय महामार्ग ५२ चा हा घाट ट्रकांनी तासन् तास तुंबायचा. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने इथे जड वाहनांना बंदी घातली, आणि ज्या घाटात सायकलचा विचारही करवत नसे तो एकाएकी आवाक्यात आला. तरी मी त्याची शिफारस करणार नाही. मोटारी आहेतच, आणि ट्रक गेल्यामुळे त्या अधिक वेगाने जातात. पाटणादेवीच बरी. फक्त अंधार पडायच्या आत बाहेर पडा. जंगल बिबट्याचे आहे, आणि २०१७ मध्ये चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठी नरभक्षक बिबट्याने किती भय पसरवले होते ते त्या भागात कोणी विसरलेले नाही.

धुळे जिल्ह्याचा पश्चिम भाग, म्हणजे साक्री तालुका, हा माझ्या मते खानदेशातला सायकलीचा सर्वोत्तम प्रदेश, आणि सर्वांत कमी वाखाणलेला. इथे एक मोठी भिंत नाही, पुष्कळ छोट्या आहेत. साक्रीहून निजामपूर-छडवेलमार्गे नंदुरबारकडे निघा. पूर्व-पश्चिम पसरलेल्या काळ्या, अरुंद, कित्येक किलोमीटर लांब कड्यांच्या रांगा दिसतील, कोणी दगड रचून बांध घातल्यासारख्या. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ओतला जात होता तेव्हा जमिनीला पडलेल्या उभ्या भेगांत वितळलेला खडक शिरून थिजला. आजूबाजूचा खडक झिजून गेला, भेगेतला टणक खडक उभा राहिला. भूगर्भशास्त्रज्ञ याला डाइक म्हणतात, आणि धुळे-नंदुरबारचा डाइकसमूह दख्खनच्या अभ्यासात प्रसिद्ध आहे. सायकलवाल्याला त्याचा अर्थ असा: पूर्व-पश्चिम जाणारा रस्ता दोन रांगांच्या मधून सपाट जातो, दक्षिण-उत्तर जाणारा प्रत्येक रांग ओलांडतो. त्याच तालुक्यात, तेवढ्याच अंतरावर, दिशा बदलली की पाय वेगळे दुखतात.

सपाट रस्ता निवडला म्हणून सुटका मात्र नाही, कारण मग वारा आहे. ब्राह्मणवेलच्या पठारावर उगाच शेकडो पवनचक्क्या उभ्या केलेल्या नाहीत. हवेचा अडथळा सायकलच्या वेगाने नव्हे, समोरून अंगावर येणाऱ्या हवेच्या वेगाने ठरतो, आणि त्याच्या वर्गाने वाढतो. ताशी १८ ने जाताना समोरून १५ चा वारा आला तर अंगावर ३३ चा वारा येतो; अडथळा तिपटीहून जास्त. जून ते सप्टेंबर हा वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून जोरात वाहतो, म्हणून त्या दिवसांत सकाळी पश्चिमेकडे जाऊन दुपारी वाऱ्यावर बसून परत यावे. हिवाळ्यात सकाळी पाती जवळजवळ थांबलेली असतात. घरून निघण्याआधी पवनचक्कीचे तोंड कुठे आहे ते पाहणारे हवामानखाते साक्रीकरांना फुकट मिळालेले आहे.

चढ आणि वारा दोन्ही नको असतील त्यांच्यासाठी पांझरेचे पाट आहेत. पिंपळनेर-सामोडे भागात फड पद्धत शेकडो वर्षे चालत आली: नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघणारा पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडून एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. पाणी गावानेच नेमलेल्या पाटकऱ्याच्या हातून. पाणी स्वतःच्या वजनाने वाहायचे म्हणून पाटाला उतार नावापुरता, त्यामुळे काठची वाट सपाट आणि झाडांच्या सावलीतली. वरच्या धरणांनी आणि विहिरींनी ही पद्धत बरीच दुबळी केली, पण बंधारे आहेत.

साक्रीच्या पश्चिमेला डोंगर ओलांडणाऱ्या तीन बाऱ्या लक्षात ठेवाव्यात. कोंडाईबारी सुरत महामार्गाची. तिकडे जाऊ नका. पिंपळनेरहून ताहराबादकडे शेलबारी, आणि नवापूरकडे चरणमाळ. या दोन्हींवर वाहने आहेत पण अंगावर येत नाहीत. उंचच जायचे असेल तर १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेले आणि आता नंदुरबारमध्ये गेलेले तोरणमाळ आहे, हजार मीटरच्या वर. पण तिथे सुटीच्या दिवशी पर्यटक असतात, हौशी चालक असतात, तेव्हा आडवारी जा.

शांत रस्ता म्हणजे रिकामा रस्ता नव्हे. दिवाळीनंतर ठेलारी मेंढपाळांचे कळप निघतात तेव्हा शे-दोनशे मेंढ्या रस्ताभर होतात. घंटी वाजवून काही होत नाही. बाजूला उभे राहावे. त्यांचा हक्क तुमच्याआधीचा. सुगीत डांबरावरच उडीद, बाजरी पसरलेली असते, गाड्यांच्या चाकांनी मळणी व्हावी म्हणून. सायकलच्या चाकाने कोणाची मळणी होत नाही, घसरगुंडी मात्र होते.

आणि काटे. ऑक्टोबरनंतर सराटे वाळतात. पिवळ्या फुलांच्या या जमिनीलगतच्या वेलीचे फळ कसेही पडले तरी एक काटा वर राहतो. वेड्या बाभळीच्या फांद्या कुंपणासाठी ओढत नेल्या की मागे रस्ताभर काट्यांची रांगोळी. थांबायचे तर डांबरावर थांबा, कडेच्या गवतात सायकल घालू नका. दोन ट्यूब आणि पंप जवळ असू द्या.

तरीही पंक्चरवाल्याची गरज पडेलच. तो शोधायचा असेल तर मोठे गाव पाहू नका, माध्यमिक शाळा असलेले गाव पाहा. मोठ्या गावात आता मोटारसायकलींचेच दुकान असते. मानव विकास कार्यक्रमात वाड्यावस्त्यांवरच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात, आणि खानदेशच्या या रस्त्यांवर रोज सायकल चालवणाऱ्या त्याच आहेत; आपण रविवारचे. त्यांच्यामुळे शाळेच्या फाटकाजवळ एखाद्या झाडाखाली पाण्याचे घमेले, कानस आणि सोल्यूशनची ट्यूब घेऊन बसलेला कोणीतरी अजून टिकून आहे. त्याच्याकडे तुमच्या मापाची ट्यूब नसणार, पण ठिगळ तो तुमच्यापेक्षा चांगले लावतो. शनिवारी शाळा सकाळची असते, तेव्हा तो दुपारी नसतो.